बंगळूरचे भूजल आणि नायट्रेट

बंगळूर शहराला स्वतःची बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, अर्कावती व दक्षिण पिनाकिनी या नद्यांची खोरी अलग करणाऱ्या उंचवट्यावर हे शहर वसलेले असल्यामुळे येथे पडलेला पाऊस दोन्ही बाजूंच्या उतारांवरून चटकन निघून जातो. सोळाव्या शतकात केंपेगौडाने शहराची स्थापना केली तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ बांध घालून पाणी अडविणारी तळी हाच येथील लोकवस्तीचा आधार होता. पुढे १८९० च्या दशकात हेसरघट्टा येथून, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळी येथून आणि १९७४ साली कावेरीहून नळाचे पाणी आले. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. इतक्या खर्चाने आणलेले पाणी शहराच्या वाढीच्या मागेच राहावे, हे स्वाभाविक होते. २००७ साली भोवतालची ११० खेडी महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. परंतु मुख्यतः त्यांच्यासाठी आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात कार्यान्वित झाला. मधल्या सतरा वर्षांत तेथे उभी राहिलेली लक्षावधी घरे विंधन विहिरी आणि टँकर यांच्या भरवशावर राहिली. टँकरचे पाणीदेखील अखेर कोणत्या तरी विंधन विहिरीचेच असते.

या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट का सापडते, ते काढून टाकण्याचे कोणते मार्ग आहेत आणि काढल्यानंतर ते कोठे जाते, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. जलशुद्धीकरणाच्या चर्चेत पहिल्या दोहोंचा विचार होतो. तिसरा मात्र बहुधा विसरला जातो.

नायट्रेट हे नत्र आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्याचे जवळजवळ सर्व क्षार पाण्यात सहज विरघळतात. मातीच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो आणि नायट्रेटच्या आयनावरही ऋण भारच असतो; त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. मैलापाण्यातील जीवाणू पहिल्या काही मीटर मातीत बऱ्याच अंशी गाळले जातात, फॉस्फेट मातीला चिकटते, अमोनियासुद्धा काही काळ अडकून राहतो. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर थेट खाली उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पिण्याच्या पाण्यात सामान्यतः आढळणाऱ्या प्रमाणात चवही नाही. गढूळ पाणी पाहताक्षणी टाकून दिले जाते; नायट्रेटयुक्त पाणी असा कोणताही इशारा देत नाही.

ग्रामीण भागात नायट्रेटचा उगम बहुधा रासायनिक खतांत आणि गोठ्यांत शोधला जातो आणि तो तेथे सापडतोही. शहरात शेते नाहीत. तेथील नायट्रेटचा मुख्य उगम माणूस स्वतःच होय. माणसाच्या मलमूत्रावाटे, विशेषतः मूत्रावाटे, दरसाल सुमारे चार किलोग्रॅम नत्र बाहेर पडते. प्रथम ते युरियाच्या आणि नंतर अमोनियाच्या रूपात असते. जमिनीत हवा खेळती असेल तर विशिष्ट जातींचे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. शौचखड्डा, पाझरणारी सेप्टिक टाकी, तडे गेलेली भुयारी गटारे आणि मैलापाण्याने भरलेले उघडे नाले ही या नत्राची जमिनीत उतरण्याची द्वारे आहेत.

किती नत्र झिरपले म्हणजे पाणी बिघडते, याचा एक ढोबळ हिशेब करता येईल. चार किलोग्रॅम नत्राचे संपूर्ण नायट्रीकरण झाल्यास सुमारे अठरा किलोग्रॅम नायट्रेट तयार होते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे नत्र नायट्रेटरहित अशा सुमारे चार लक्ष लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचविते. आता बंगळूरमध्ये वर्षाला सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. कठीण खडकाच्या प्रदेशात त्याचा साधारणपणे दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे धरले, तर दर हेक्टरी सुमारे दहा लक्ष लिटर पाणी वर्षाकाठी भूजलात जमा होते. अडीच माणसांचे नत्र पातळ करण्याइतकेच हे पाणी आहे. आणि २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिकेच्या हद्दीतील सुमारे ७४१ चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे ८४ लक्ष लोक राहत होते; म्हणजे हेक्टरी सुमारे ११३. त्यांच्या मैलापाण्यातील शंभरातले दोन-सव्वादोन हिस्से जरी गळून जमिनीत गेले, तरी सारे नवे भूजल मर्यादेला जाऊन भिडेल. प्रत्यक्षात जमिनीतील काही नायट्रेट वाटेत नष्ट होते आणि नळांच्या गळतीचे चांगले पाणीही खाली उतरते, त्यामुळे हे गणित शब्दशः घेण्याचे कारण नाही. तथापि निष्काळजीपणाला येथे किती थोडा वाव आहे, हे त्यावरून कळते.

खडकाची रचना या अडचणीत भर घालते. बंगळूरच्या खाली नीस आणि ग्रॅनाइट हे अतिप्राचीन खडक आहेत. महाराष्ट्रातील काळ्या बेसाल्टाप्रमाणेच या खडकांतही पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. मुरमाचा थर ओला असे तोवर उघड्या विहिरींनी काम भागत असे. तो आटल्यावर विंधन विहिरी दोनशे, तीनशे मीटर खोल जाऊ लागल्या. खोल जाण्याने पाणी अधिक शुद्ध मिळते, हा समज अशा खडकात फसवा ठरतो. भेगा उभ्या-आडव्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि विहिरीचे आवरण-नळ वरच्या थरातच संपत असल्याने त्यांच्या कडेने किंवा भेगांच्या वाटेने वरचे मैलापाणी खाली ओढले जाते. भेगांतील साठा मुळातच लहान असल्यामुळे पातळ होण्यास वाव थोडा मिळतो. ज्या विहिरीत नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेले दिसते तेथे मैलापाण्याचा संशय प्रथम घ्यावा. कारण मीठ माणसाच्या आहारातूनच गटारात जाते. त्याहून निश्चित खूण हवी असेल तर नत्राच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे नायट्रोजन-१५ चे, प्रमाण मोजतात. रासायनिक खतातील नत्रापेक्षा मलमूत्रातून आलेल्या नत्रात ते सामान्यतः अधिक असते.

हा प्रश्न एका शहराचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता-अहवालात देशभरातील जवळजवळ वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. कर्नाटकात हे प्रमाण ४८ टक्के म्हणजे राजस्थानच्या खालोखाल होते. महाराष्ट्रातही तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुने मर्यादा ओलांडणारे निघाले.

आता या मर्यादेचा उगम पाहू. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरील विहिरींचे पाणी मिसळलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या बालकांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. बालकांची त्वचा निळसर पडत असे, पण हृदयात किंवा फुप्फुसांत दोष सापडत नसे. पोटात गेलेल्या नायट्रेटचे काही जीवाणू नायट्राइट बनवितात. नायट्राइट रक्तात शिरून हीमोग्लोबिनमधील लोहाचे असे रूपांतर करते की, ते ऑक्सिजन वाहून नेण्यास असमर्थ ठरते. प्रौढ माणसाच्या तांबड्या पेशींतील एक वितंचक हा बिघाड सतत दुरुस्त करीत असतो. पहिल्या काही महिन्यांच्या बालकात ते वितंचक पुरेसे क्रियाशील नसते, त्याच्या जठरात आम्लही कमी असल्याने जीवाणूंना रान मोकळे मिळते, आणि वजनाच्या मानाने ते पाणीही पुष्कळ पिते. १९५१ साली वॉल्टन यांनी अमेरिकेतील अशा २७८ बालकांची माहिती संकलित केली. ज्यांच्या पाण्याचे मोजमाप उपलब्ध होते त्यांत नत्राच्या हिशेबाने दर लिटरला १० मिलिग्रॅमहून कमी प्रमाण असलेले एकही प्रकरण आढळले नाही. आजच्या मर्यादा मुख्यतः या निरीक्षणावर आधारलेल्या आहेत. त्यांपैकी अनेक विहिरींत जीवाणूंचा उपद्रवही होता आणि अतिसाराने हा विकार बळावतो, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणून दोष केवळ नायट्रेटचा मानावा की नाही याविषयी मतभेद आहेत. परंतु मैलापाण्याने दूषित झालेल्या विहिरीत या दोन्ही गोष्टी एकत्रच नांदतात, हेही विसरून चालणार नाही. केवळ अंगावर पिणाऱ्या बालकाला हा धोका जवळजवळ नसतो. बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्याला असतो.

येथे एका घातक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बालकासाठी पाणी उकळून घ्यावे, ही शिकवण जंतूंच्या बाबतीत अगदी योग्य आहे. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही. पाणी वाफ होऊन उडते, नायट्रेट भांड्यातच राहते, आणि जितके अधिक उकळावे तितके ते दाट होते. काळजी घेणारी आई येथे नकळत अपाय करून बसते. तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन, जंबुपार किरणांचा दिवा आणि कोळशाची गाळणी यांपैकी कशानेही नायट्रेट कमी होत नाही.

नायट्रेट कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग मिश्रणाचा. समजा, एखाद्या वसाहतीच्या विंधन विहिरीत दर लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि नळाच्या पाण्यात ते ५ मिलिग्रॅम आहे. विहिरीचे दोन भाग आणि नळाचे तीन भाग पाणी एकत्र केले तर मिश्रणात ३९ मिलिग्रॅम राहील, म्हणजे मर्यादेच्या आत. यंत्र नको, रसायन नको, टाकाऊ पाणीही नाही. पण ज्यांना तीन भाग नळाचे पाणी मिळते त्यांना विहिरीची फारशी गरज नसते, आणि ज्यांना विहिरीखेरीज गती नाही त्यांच्याकडे मिसळण्यास काही नसते. वितरणव्यवस्थेच्या पातळीवर, मोठ्या टाक्यांत, हा उपाय खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकतो. त्यासाठी दोन्ही पाण्यांचे मोजमाप मात्र नियमाने झाले पाहिजे.

बंगळूरमध्ये सर्वाधिक प्रसार झाला तो उलट तर्षणाचा, व्यवहारातील ‘आरओ’चा. दाब देऊन पाणी एका अतिसूक्ष्म पटलातून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. घरोघरी ही यंत्रे आहेतच, शिवाय वस्त्यावस्त्यांतून ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ अशी पाटी लावलेली लहान केंद्रे उभी आहेत. नाणे टाकावे आणि वीस लिटरची कॅन भरून न्यावी, अशी त्यांची रीत. २०२४ च्या मार्च महिन्यात शहरातील सुमारे चौदा हजार सरकारी विंधन विहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्याचे राज्यशासनाने सांगितले, तेव्हा या केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि काही केंद्रे पाण्याअभावी बंदही पडली. यंत्राला शुद्ध करण्यासाठी आधी पाणी लागते, याची जाणीव त्या उन्हाळ्याने करून दिली.

आरओ पटल नायट्रेट अडविते, पण मिठाला किंवा कॅल्शियमला अडविते तितक्या समर्थपणे नाही. पटल जुने झाले, दाब कमी पडला की प्रथम निसटतो तो नायट्रेटसारखा एकभारी लहान आयन. विक्रेता पाण्यात बुडवून दाखवितो ते छोटे मापक एकंदर विरघळलेल्या क्षारांचा, तोही विद्युत्‌वाहकतेवरून काढलेला, अंदाज देते. नायट्रेट किती ते सांगत नाही. एकंदर क्षार दीडशे मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात नायट्रेट पन्नास असू शकते, आणि पाचशे असलेल्या पाण्यात दहाही असू शकते. त्या मापकावर विसंबून बालकाचे पाणी ठरविणे योग्य नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे फेकून दिल्या जाणाऱ्या पाण्याची. वरचेच ९० मिलिग्रॅमचे पाणी घेऊ. शंभर लिटर यंत्रात घातले, पन्नास लिटर शुद्ध निघाले आणि त्यात १० मिलिग्रॅम नायट्रेट उरले, तर उरलेल्या पन्नास लिटरमध्ये प्रमाण १७० मिलिग्रॅम होते. अनेक घरगुती यंत्रे तर शुद्ध पाण्याच्या दुपटी-तिपटीने पाणी बाहेर टाकतात. हे पाणी गटारात गेले तर गटाराच्या गळतीबरोबर आणि शोषखड्ड्यात गेले तर सरळच पुन्हा जमिनीत उतरते. यंत्राने एक ग्रॅमही नायट्रेट नाहीसे केलेले नसते. एका भांड्यातून दुसऱ्यात ठेवलेले असते. पिणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. विहिरीच्या दृष्टीने मात्र हिशेब होता तेथेच राहतो, वर उपशाची भर पडते ती वेगळीच.

आयन-विनिमयाची पद्धत यापेक्षा कमी पाणी वाया घालविते. विशिष्ट रेझिनच्या मण्यांवर क्लोराइड आयन बसविलेले असतात. पाणी त्यांमधून वाहताना मणी नायट्रेट धरतात आणि क्लोराइड सोडतात. मणी भरले म्हणजे मिठाच्या दाट द्रावणाने धुऊन ते पुन्हा कामास लावतात. साधे रेझिन सल्फेटला नायट्रेटपेक्षा अधिक पसंती देते. त्यामुळे वेळेवर धुणे चुकले तर येणारे सल्फेट आधी अडकलेल्या नायट्रेटला हुसकावून लावते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात मूळ पाण्याहूनही अधिक नायट्रेट येऊ शकते. हा दोष टाळणारी, नायट्रेटला अग्रक्रम देणारी खास रेझिने उपलब्ध आहेत. खर्च आणि देखरेख या दोन्ही गोष्टी मात्र लागतात. कॉम्लींच्याच आयोवा राज्यात, डे मॉइन शहराने १९९० च्या दशकाच्या आरंभी या पद्धतीचा मोठा संच उभारला, तो नदीत शेतांतून येणाऱ्या नायट्रेटमुळे. धुण्यातून निघणारे नायट्रेटयुक्त खारे पाणी तेथे पुन्हा नदीतच सोडले जात असे. वरच्या भागातील शेतजमिनींच्या निचरा-मंडळांवर शहराच्या पाणीसंस्थेने २०१५ साली दावा लावला, तो २०१७ साली फेटाळला गेला. समुद्र जवळ नसलेल्या बंगळूरसारख्या शहरात असले खारे पाणी टाकावे कोठे, हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

नायट्रेटचा खरा नाश करणारी क्रिया एकच व्यवहार्य आहे, आणि ती निसर्गाची आहे. हवेचा पुरवठा बंद झाला की काही जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात आणि नत्र वायुरूपाने सोडून देतात. वातावरणात चार-पंचमांश तोच वायू असल्याने त्याची विल्हेवाट लावावी लागत नाही. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. जीवाणूंना त्यासाठी कर्बयुक्त अन्न लागते, आणि भूजलात नेमके तेच नसते. म्हणून इथेनॉल किंवा ॲसेटिक आम्ल मोजून घालावे लागते. अन्न कमी पडले तर क्रिया नायट्राइटपाशीच अडते, जे नायट्रेटहून वाईट. अधिक झाले तर पाण्यात ते उरते आणि नळांत शेवाळी थर धरतात. नंतर पाण्यात पुन्हा हवा मिसळणे, गाळणे आणि क्लोरीन घालणे आवश्यक असते. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभापासून पिण्याच्या पाण्यासाठी असे संच चालविले गेले आहेत. रात्रंदिवस लक्ष ठेवणारा जाणता माणूस नसेल तर वस्तीतील छोट्या केंद्राला हे पेलणारे नाही.

परंतु पिण्याच्या पाण्यात जे अवघड, ते मैलापाण्यात सोपे आहे, कारण कर्बयुक्त अन्न तेथे विपुल असते. बंगळूरमध्ये मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे मैलाशुद्धीकरण संच चालवावे लागतात. ज्या संचात नुसती हवा फुंकली जाते तेथून निघणारे पाणी नितळ व निर्गंध असते, पण अमोनिया नाहीसा झाला याचा अर्थ बहुतांशी त्याचे नायट्रेट झाले एवढाच. ते बागेला घातले की जमिनीत जाते. त्याच पाण्याचा काही भाग हवारहित टाकीत मागे फिरवून ताज्या मैलापाण्याशी मिसळला, तर जीवाणू नायट्रेटचा बराचसा भाग वायूत रूपांतरित करतात. बाहेरून अन्न विकत घ्यावे लागत नाही. एका टाकीची आणि एका पंपाची ही भर आहे.

शौचखड्ड्यांच्या बाबतीतही याच तत्त्वाचा विचार झाला आहे. बंगळूरच्या पूर्वेस कोलार जिल्ह्यात मुळबागल नावाचे गाव आहे. तेथे शौचखड्ड्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने भूजलात नायट्रेट कसे वाढते, याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तपशिलाने अभ्यास केला आणि खड्ड्याच्या रचनेत फेरफार करून, पाणी जमिनीत जाण्यापूर्वीच त्यातील नायट्रेट जीवाणूंकडून नष्ट करविण्याचे प्रयोग केले. झिरपण्याच्या वाटेवर हवारहित राहणारा आणि जीवाणूंना अन्न पुरविणारा थर ठेवणे, ही त्यामागील मूळ कल्पना. खेड्यापाड्यांत शौचकूपांची संख्या झपाट्याने वाढत असता या कल्पनेकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. शौचकूपाने विष्ठा दृष्टीआड केली. नत्र दृष्टीआड होऊन विहिरीत गेले.

कोलारच्या तळ्यांत २०१८ पासून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून सोडण्यात येत आहे. कोरडी पडलेली तळी त्याने भरली आणि भोवतालच्या विहिरींना पाणी आले, ही त्या दुष्काळी जिल्ह्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण त्या पाण्यातील नत्र किती प्रमाणात काढून घेतले जाते यावरच त्या विहिरींचे भवितव्य अवलंबून राहील. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळात थोडेफार विनायट्रीकरण आपोआप होते. ते पुरेसे आहे की नाही, हे विहिरींच्या पाण्याची वर्षानुवर्षे तपासणी केल्यानेच कळेल.

तपासणीसंबंधी दोन व्यावहारिक गोष्टी सांगितल्या पाहिजेत. प्रयोगशाळेचा अहवाल ‘नायट्रेट’ असा आहे की ‘नायट्रेट-नत्र’ असा, ते आधी पाहावे. पहिल्यात मर्यादा ४५, दुसऱ्यात सुमारे १०. दुसऱ्या प्रकारच्या अहवालातील ३० हा आकडा ४५ च्या आत असल्याचे पाहून निश्चिंत होणारा माणूस वस्तुतः मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट नायट्रेट पीत असतो. दुसरी गोष्ट ऋतूची. उन्हाळ्यात मुरमात साचून राहिलेले नायट्रेट पहिल्या जोरदार पावसांबरोबर खाली धुपून येते, आणि मे महिन्यात मर्यादेत असलेली विहीर सप्टेंबरमध्ये मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून एकाच विहिरीचा नमुना पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असा दोनदा घ्यावा. आणि घरात बाटलीचे दूध पिणारे मूल असेल तर पावसाळ्यानंतरच्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत त्या मुलासाठी दुसरे पाणी वापरावे.